सोहोनीबाईंचा अपेक्षांचा कागद

सोहोनीबाई नववीच्या वर्गात पहिल्या दिवशी आल्या की आधी खोडरबर गोळा करायच्या.

आमच्या वेळी त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "टाका." आम्हाला वाटलं, मोबाइल मागतायत. शेवटच्या बाकावरचा ओमकार घाबरून म्हणाला, "बाई, आईशप्पथ माझ्याकडे नाहीये." बाई म्हणाल्या, "खोडरबरसुद्धा नाही? मग तू आधीच माझा आहेस."

सगळ्या वर्गाचे रबर डब्यात पडले. त्यात माझा स्ट्रॉबेरीच्या वासाचा होता. "एप्रिलमध्ये परत मिळतील," बाई म्हणाल्या. मला वाटलं, मोठी माणसं असं म्हणतातच. पण एप्रिलमध्ये खरोखर मिळाले. प्रत्येकाचा वेगळ्या पुडीत, वर नाव. माझ्या पुडीवर नावाखाली लिहिलं होतं, "वास टिकवता आला नाही. दिलगीर आहे."

बाईंबद्दल लिहायला घेतलंय खरं, पण मला जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि जातेय तीही गणित घेऊन. हे बाईंमुळे झालं असं त्यांच्यासमोर म्हटलं, तर त्या लगेच विचारतील, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. वर्गात बरोबर उत्तर दिलं तरी "कशावरून?" शिपाईकाका दारात येऊन म्हणाले, "बाई, बेल झाली," तरी "कशावरून?" शिपाईकाका बिचारे परत जाऊन घड्याळ बघून यायचे. स्टेशनजवळचा भाजीवाला तर म्हणे त्यांना लांबून बघूनच सांगायचा, "बाई, मेथी सकाळची आहे, पावती दाखवू काय?"

बाई मुलुंड पूर्वेच्या आमच्या शाळेत गणित शिकवतात. उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. आवाज मात्र असा, की वरच्या मजल्यावरच्या सातवीला नववीचे संच फुकटात यायचे.

रबर गोळा झाले की बाई कागद वाटायच्या. पाठपोट झेरॉक्स, वर मथळा: "इयत्ता नववी, गणित. अपेक्षा आणि वर्षाचा आढावा." मी तोवर असा कागद कधी पाहिला नव्हता. शाळेत आमच्याकडून काही हवं असेल तर ते ओरडून सांगत. लिहून कोणी दिलं नव्हतं.

पहिला नियम खोडरबराचा. चूक झाली की तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं. चौथा नियम: "'सोपं आहे' असं या वर्गात कोणी म्हणायचं नाही. मीही नाही." सहावा: "बाईंचा फळा रोज तपासला जाईल." हा मॉनिटरचा मान. तास संपला की मॉनिटर पुढे जाऊन फळा वरपासून खालपर्यंत वाचायची, आणि चूक नसली तर कोपऱ्यात हिरव्या खडूने बरोबरची खूण करायची. ती होईपर्यंत बाई हाताची घडी घालून बाजूला उभ्या. एकदा त्यांच्या तोंडून "हे तर सोपं आहे" निघून गेलं. बाईंनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, त्यापुढे "नियम चार", आणि उरलेला तास त्या नावाखाली उभं राहून शिकवलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मगे कोणी मारल्यान तिका?"

कागदाच्या मागच्या बाजूला आढावा. मला तो अजून पाठ आहे. "जून: संच. इथे सगळ्यांना येतं. माजू नये. जुलै: बहुपदी. कंटाळा येईल. गणपतीपर्यंत जाईल. (कंटाळा. बहुपदी नव्हे.) सप्टेंबर: समांतर रेषा. या कधीच भेटत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. नोव्हेंबर: त्रिकोणाची प्रमेये. रडावंसं वाटेल. रडावं. आधी पक्ष आणि साध्य लिहून घ्यावं."

आणि सगळ्यात खाली अकरावा नियम. "पालकांनी बाईंकडून काय अपेक्षा आहे, ते स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. पालक म्हणजे घरी गेल्यावर 'आज काय झालं?' असं विचारणारी व्यक्ती. कागद पूर्ण झाल्याशिवाय वही तपासली जाणार नाही."

हे नियम बाईंनाही लागू होते. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा कागद लावलेला असायचा. विद्यार्थी: सु. ग. सोहोनी. पालक: ग. वि. सोहोनी. पन्नाशी उलटलेल्या बाईंच्या कागदावर त्यांच्या नव्वदीच्या वडिलांची, अण्णांची, थरथरती सही. अपेक्षेच्या ओळीत अण्णांनी लिहिलं होतं, "आवाज जरा कमी." आम्ही ते बघून पोट धरून हसलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "दरवर्षी हेच लिहितात. मी दरवर्षी नापास होते."

मी हसत होते, पण आतून माझी वाट लागली होती.

माझी आई पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटते. गावाला चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे हाताला पेन्सिल लागली नाही. दुकानाची पाटी अडखळत वाचते, सहीपुरतं नाव काढते. बाबा रात्रपाळीला, आणि घरी आल्यावर "आज काय झालं?" विचारायची ती आईच. तिला मी कागद दाखवलाच नाही. डाव्या हाताने स्वतःच लिहिलं, "माझी मुलगी पहिली यावी. बाईंनी मारले तरी चालेल." खाली आईची सही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला टेबलाशी बोलावलं.

"रेश्मा, हे आईनं लिहिलंय?"

"हो बाई."

"कशावरून?"

मी डावा हात पाठीमागे घेतला.

"आई डावखुरी आहे?"

"हो बाई."

"आणि आईसुद्धा आधी शिरोरेघ ओढते आणि मग तिला अक्षरं लटकवते?"

माझी तशी सवय आहे. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी मी लिहिते. दोन दिवसांत बाईंनी ती पाहून ठेवली होती. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कागद परत दिला. "नियम अकरा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर बारा दिवस माझी वही कोरी परत येत होती. बाई हिरव्या शाईने तपासायच्या, कारण लाल रंग सिग्नलला असतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांच्या वह्या हिरव्या होऊन यायच्या. माझ्या वहीत बरोबरची खूण नाही, फुलीही नाही. मला वाटायचं, मी वर्गात आहे की नाही? एखादी गोष्ट चुकली असती तर बरं वाटलं असतं.

कळलं ते आईलाच. शेजारची प्राची आणि मी ओट्यावर अभ्यासाला बसलो होतो. आई पाणी द्यायला आली आणि दोन्ही वह्यांकडे बघत उभी राहिली. अक्षरं तिला वाचता आली नसती, पण रंग वाचता येतो.

"गो, हिच्या वहीत हिरवा हिरवा दिसता. तुझ्या वहीत कायच कसा नाय?"

मी रडत सगळं सांगितलं. तिने माझी वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "उद्या येतंय मी शाळेत."

मी तिला नको म्हटलं. बाई रागावतील म्हणून नाही. ती कोपरापर्यंत पीठ घेऊन येईल, आणि वर्गातले बघतील म्हणून. मला आईची लाज वाटली होती. बाईंच्या नियमाने यावर एक आडवी रेघ मारून बाजूला कारण लिहायला हवं. कारण मला अजून नीट सापडलेलं नाही.

ती आली. कोपरापर्यंत पीठ घेऊनच आली. मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावर कशीबशी मावून बसली आणि म्हणाली, "बाई, माका लिवक येणा नाय. चेडवान खोटा लिवल्यान, ता माझ्यापायी." चेडू म्हणजे मुलगी. मी खाली बघत होते.

बाई उठल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्या मागच्या भिंतीशी गेल्या, स्वतःचा कागद काढून आणला, टेबलावर ठेवला, पट्टी घेतली आणि अकराव्या नियमावर एक सरळ आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, "प्रत्येक पालकाला लिहिता येतं असं मी धरून चालले. कशावरून?"

मग कागद आईपुढे धरला. आईला तो वाचता येईना, हे लक्षात आल्यावर बाईंनी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात. बाईंची चूक सातवीलाही कळली.

मी तोवर कुठल्या मोठ्या माणसाला आईसमोर चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. घरमालक नाही, बँकेतला साहेब नाही. चूक नेहमी आमचीच असायची.

आई त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असा खोडू नका बाई. चार दिस द्या माका. मी लिवतंय."

"चार दिवसांत?"

"चार म्हणजे चार नाय ओ."

"मग किती?"

"दिवाळीपर्यंत."

"कुठल्या दिवसापर्यंत? वसुबारस की भाऊबीज?"

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमका रोज असाच विचारतत?"

वसुबारस ठरली. माझी वही त्याच दिवशी तपासली गेली. पहिला हिरवा शेरा होता, "उत्तर बरोबर. शिरोरेघ सुंदर."

पुढे दर शनिवारी शाळा लवकर सुटली की आई वर्गात यायची. तिच्या डब्यात चार चपात्या असायच्या, दोन बाईंच्या, दोन अण्णांच्या. अण्णांना मऊ लागायच्या, म्हणून त्या दोन वेगळ्या फडक्यात. बाई आईला अक्षरं गिरवायला द्यायच्या. मी मागच्या बाकावर बसून बहुपदी सोडवायचे आणि ऐकायचे. "बाई, ह्यो 'भ' माका बघून हसता." "कशावरून?" असं ते चालायचं. आई बाईंना आमच्या गावच्या गोष्टी सांगायची. बाई अण्णांच्या तक्रारी सांगायच्या. ते कवळी कुठे ठेवतात, आणि बाई घरात शिरल्या रे शिरल्या की चहाच्या आधी विचारतात, "हं सुधे, आज काय झालं?"

वसुबारसेला आईने तिच्या ओळीत लिहिलं, "चेडवाक भय वाटू नये." चार शब्द, अकरा मिनिटं. मध्ये एक 'भ' बिघडला. तिने एक रेघ मारली. बाई म्हणाल्या, "कारण?" आई म्हणाली, "हात घाबरलो." तेही तिने बाजूला लिहिलं.

याला आता पाच वर्षं होतील. दहावीनंतर शनिवार सुटले. आईचं केंद्र दुसरीकडे गेलं, माझं कॉलेज सुरू झालं. सणाला फोन व्हायचा, तोही कधी राहून जायचा.

या जूनमध्ये मी बीएस्सीचं पहिलं वर्ष पास झाले. आईने रव्याचे लाडू केले आणि शनिवारी आम्ही दोघी शाळेत गेलो. वर्ग सुटला होता. बाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. लाडू घेतला, निकाल विचारला, "कशावरून?" म्हणून मार्कशीटही बघितली. सगळं होतं तसंच होतं. फक्त फळ्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण नव्हती.

"बाई, फळा तपासला नाही?"

"नाही. मीच मॉनिटरला सांगितलं, तपासू नकोस म्हणून. माझा कागद अपूर्ण आहे."

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. विद्यार्थी: सु. ग. सोहोनी. त्याखाली पालकांची ओळ कोरी.

"अण्णा मार्चमध्ये गेले," बाई म्हणाल्या. "झोपेत. त्रास झाला नाही." सातवीला काय, मलाही जेमतेम ऐकू आलं.

त्या वर्गात मला काही सुचेनासं झालं की वहीत एक ओळ सोडून पुढे जायची सवय होती. मी तशीच एक ओळ सोडली.

आई म्हणाली, "मगे दुसऱ्या कोणाची तरी सही घेवा."

"तसं नाही चालत हो. व्याख्या आहे. घरी गेल्यावर 'आज काय झालं?' विचारणारी व्यक्ती. असं आता कोणी नाही."

आईने पदराला हात पुसले आणि विचारलं, "कशावरून?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना कोणी उलटा विचारला असेल, असं मला वाटत नाही. आईने वाट पाहिली नाही. भिंतीवरचा कागद काढला, टेबलावरचं हिरवं पेन उचललं आणि पहिल्या बाकावर पूर्वीसारखी कशीबशी मावून बसली. बराच वेळ लागला. "बायने रोज सात वाजता माका सांगूचा, आज काय झाला." खाली सही.

बाईंनी तो कागद वाचला. परत वाचला. शुद्धलेखन तपासलं नाही. कारण विचारलं नाही. उठून जिथला तिथे लावला, आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून कागदाचा कोपरा सरळ करत राहिल्या. तो सरळच होता.

सोमवारी सात वाजता आईचे हात कणकेत होते. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हां बाई," आई म्हणाली. "आज काय झाला?"

पलीकडून आवाज आला, आणि शेजारच्या प्राचीच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला. "आज संच घेतले. मॉनिटरने फळा तपासला. एक चूक निघाली. मी छेदसंचाच्या जागी संयोगसंच लिहून बसले होते!"

संच म्हणजे काय, हे आईला ठाऊक नाही. तिने कणकेचा गोळा हातावर फिरवला, फोनकडे जरा वाकली आणि म्हणाली, "मगे?"