दामूअण्णांची न वाचलेली पत्रं

इंदूरला नाटक कंपनी उतरल्याची बातमी देवासात पोचली, की दामूअण्णा पत्रं वाचणं बंद करत. कंपनीचं हस्तपत्रक ते तोंडपाठ करत, पण टपालाला हात लावत नसत. डाकिया दारात ओरडायचा, "अण्णासाब, थाँको कारड हे, धार से आयो!" की हे आतून दुप्पट ओरडायचे, "बाजूवाले साब को दे दो!"

बाजूवाला साब म्हणजे मी. अण्णांची नि माझी कचेरी एक, घराची भिंतही एक. त्यामुळे नाटकाच्या मोसमात त्यांची पत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं. ती मी फडताळात ठेवायची, आणि अण्णा नाटकं बघून परतले की त्यांच्या हवाली करायची.

कारण तसं सोपं होतं. अण्णांच्या भाऊबंदांची चाळीस घरं. धार, देवास, बागली, जिथं म्हणून कचेरी तिथं त्यांचं एक तरी घर असायचंच. एवढ्या कुळात बारा महिने कुणी ना कुणी मरायचं, नाहीतर जन्मायचं. मेलं तर दहा दिवस सुतक, जन्मलं तर दहा दिवस सोयर. अशा दिवसांत नाटकाला जायचं कसं? अण्णा चोरून जाण्यातले नव्हते, धर्माला भिणारे होते. पण एका शास्त्रीबुवांकडून त्यांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती. बातमी कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही.

"ज्याला मरायचं त्यानं खुशाल मरावं," अण्णा म्हणायचे, "माझी ना नाही. फक्त मला कळवू नये. परतल्यावर पाळतो की! एखादा दिवस जास्तच पाळतो."

आणि खरंच पाळत. एका साली गठ्ठ्यातून दोन सुतकं नि एक सोयर एकदम निघालं. अण्णा कचेरीत बरेच दिवस दिसले नाहीत.

आमच्या देवासात दोन संस्थानं, थोरली पाती नि धाकटी पाती. बाजाररस्त्याची एक बाजू एका महाराजांची, दुसरी दुसऱ्यांची. समोरून लांबट चेहऱ्याचा भाऊबंद येताना दिसला, की अण्णा रस्ता ओलांडून सरळ परराज्यात जात. एकदा एका चुलतभावानं तिथंही गाठलं. "दामू, अरे, एक बातमी..."

"वाईट असेल तर बोलू नकोस!"

"चांगली आहे रे!"

"चांगली तर मुळीच नको!" असं म्हणत अण्णा कानांवर हात ठेवून पळाले. त्या बिचाऱ्याला बढती मिळाली होती. पुढं वर्षभर तो अण्णांशी बोलला नाही.

"आखलंय सगळं!" हे अण्णांचं पालुपद. मुक्काम चार दिवस, नाटकं तीन. दुपारी किती झोपायचं, संध्याकाळी काय जेवायचं, सगळं एका लांब कागदावर लिहिलेलं. दहीभाताला बंदी, कारण त्यानं दुसऱ्या अंकात पेंग येते. बसायचं पेटीवाल्याच्या बाजूला, कारण नायक रडायला त्याच बाजूला येतो. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. पहिल्या दुपारी त्यांनी मला वेळ लावून झोपवलं. पुन्हा मी गेलो नाही.

त्याच खेपेला, नाटक चालू असताना हा गृहस्थ गॅसबत्तीच्या उजेडात वहीत काहीतरी खरडत होता. मी डोकावून पाहिलं. नायिकेचा शालू कोणत्या रंगाचा, काठ केवढा, अंबाड्यात फुलं किती, रुसल्यावर पदर कुठल्या खांद्यावर घेतला!

"अहो अण्णा," मी म्हटलं, "नायिका म्हणजे मिशी काढलेला बाप्या. त्याच्या अंबाड्यातली फुलं कसली मोजता?"

"मोजावी लागतात," अण्णा वहीतून डोकं न काढता म्हणाले. "विचारतात."

कोण विचारतं, हे मी विचारलं नाही. इंदूरहून अण्णा परस्पर धारेला थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जात आणि दोन दिवस राहून मग देवासला येत. आई लहानपणीच गेली होती, अक्कांनीच त्यांना वाढवलेलं. जागरणं झाल्यावर बहिणीच्या हातचं गरम जेवायला जात असतील, असं मी समजत होतो.

त्या वर्षीही कंपनी उतरली, कागद आखून झाला, रजा मिळाली. अण्णा निघायच्या दोन दिवस आधी डाकियानं माझ्या हातात दोन कार्डं ठेवली. एकाचा कोपरा फाडलेला होता. म्हणजे भाऊबंदांतलं कुणीतरी गेलं होतं. दुसरं धारचं, ठळक, लहान मुलासारख्या अक्षरातलं. कोपरा शाबूत. कुणी मेलेलं नाही, मग घाई कसली? दोन्ही कार्डं मी मजकूर खाली करून फडताळात ठेवली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, ही शिकलेल्या माणसाची रीत. ती आपण पाळली याचा मला त्या वेळी अभिमान वाटला. आज ते लिहितानाही लाज वाटते.

अण्णा गेले ते नेहमीपेक्षा दोन दिवस उशिरा परतले. स्वतःच्या घरी न जाता, हातात वळकटी तशीच, माझ्या दारात उभे राहिले.

"धारचं कार्ड द्या."

मी दिलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि मला परत केलं. "तुम्हीच वाचा. मला वाचवत नाही."

मी वाचलं. "चिरंजीव दामूस अनेक आशीर्वाद. यंदा यांनी हो म्हटलं आहे. सासूबाई होत्या तोवर विषय काढायची सोय नव्हती. मी गुरुवारी इंदुरास येते, नणंदेकडे उतरते. तू मला न्यायला ये. बायकांच्या बाजूला पुढची जागा मिळाली तर बघ. तू सांगतोस ते सगळं समजतं रे. पण ते दिसतं कसं, ते एकदा पाहायचं आहे."

मग अण्णांनी सांगितलं. वीस वर्षं ते धारेला जाऊन अक्कांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत आणि वही उघडून सगळी नाटकं, गाण्यांसकट, त्यांना करून दाखवत. अक्का पोळ्या लाटता लाटता शालूचा रंग विचारत, फुलं विचारत.

"मी इंदुरात, तीही इंदुरात," अण्णा म्हणाले. "मधे दोन गल्ल्या. तिन्ही दिवस दिवेलागणीला ती तयार होऊन ओसरीवर बसली. तिला वाटलं, मला रजाच मिळाली नाही. मी आपला धारेला गेलो. मेहुणे दारातच होते. म्हणाले, 'अरे, एकटाच? अक्का कुठाय?' तसाच टांगा उलटा फिरवला. इंदूर गाठलं तर नाटकाचा मांडव उतरलेला."

सुतक लागणार होतं ते अण्णांना. मला थोडंच लागणार होतं? मी ती पत्रं खुशाल वाचू शकत होतो. वाईट ते पोटात ठेवून, भिंतीपलीकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं की अण्णा, अक्का येताहेत. इतकी साधी गोष्ट. इतकं सगळं आखणाऱ्या माणसाला ती सुचली नाही आणि मलाही नाही. अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता.

"रागावल्या?" मी शेवटी विचारलं.

"नाही हो. म्हणाली, 'बरंच झालं, मला आता जागरण सोसत नाही.' मग म्हणाली, 'बैस, सांग.' पुन्हा पैठणी नेसून, नथ घालून ऐकायला बसली. मी तिन्ही नाटकं सांगितली. एका गाण्यात अडखळलो, तर म्हणाली, 'हळू सांग, घाई नाही.' सांगून झाल्यावर मी म्हटलं, 'अक्का, पुढल्या साली नक्की.' ती म्हणाली, 'हो तर.' आणि पैठणीची घडी घालायला आत गेली."

पुढल्या साली कंपनी इंदूरला आली नाही. त्याच्या पुढल्या साली आली, तेव्हा अक्का नव्हत्या.