सहावी अट

दूरसंचार कंपनीच्या मुख्य कचेरीत त्यांना सगळे ‘अहवालवाले’ म्हणत, आणि ते उगाच नव्हे. फोन, टीव्ही आणि इंटरनेट एकाच पेटीतून घरोघरी न्यायचे तर नव्या बाजारपेठांत कोणकोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, यावर त्यांनी चौऱ्याण्णव पानांचा अहवाल लिहिला होता. अटी पाच होत्या आणि झोपेतून उठवलं तरी त्या धडाधड म्हणून दाखवतील अशी त्यांची तयारी होती. घरातला बल्ब मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात बदलला नव्हता. ते खातं अण्णांचं. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलेले निवृत्त लाइनमन. लहानपणी अण्णा शिडी धरायला हाक मारायचे, तेव्हा चिरंजीव आतून ओरडायचे, “माझा अभ्यास चाललाय.”

घोडं अडलं ते संचालकबाईंपाशी. बाईंनी अहवाल हातात घेतला, शेवटचं पान बघितलं आणि बंद केला.

“छान आहे. आता ही पेटी तुमच्याच घरी बसवून घ्या आणि बुधवारी अकरा वाजता तिच्यातूनच समितीला सगळं समजावून सांगा. जमलं तर तुमचा विभाग राहील. नाही जमलं तर हँडसेटच्या गोदामात एक जागा रिकामी आहे.”

ते गोदाम चौदा तासांच्या अंतरावर होतं. रात्री त्यांनी ही बातमी बायकोच्या कानावर घातली. ती शाळेत शिक्षिका होती आणि वह्या तपासत बसली होती.

“माझी शाळा इथे, पोरीची परीक्षा इथे,” ती मान वर न करता म्हणाली. “तू जा. आम्ही सुट्टीत भेटायला येऊ.”

पेटी बसवणारा माणूस सोमवारी आला तेव्हा अहवालवाले कचेरीत होते. घरी एकटे अण्णा. त्या माणसाने विचारलं, “आजोबा, इथलं इंटरनेट कोण कोण वापरतं? सगळ्यांची कुटुंबीय म्हणून नोंद करावी लागते, म्हणजे त्यांचे फोन-टीव्हीही याच पेटीला जोडले जातात.” अण्णांनी जन्मात कधी चुकीची माहिती दिली नव्हती. त्यांनी बोटं मोजत एकेक घर सांगितलं. दोन्ही हातांची बोटं संपून वर आणखी चार झाली तेव्हा त्या माणसाने पेन थांबवलं.

“चौदा घरं? एवढं मोठं कुटुंब?”

“माणसं चांगली आहेत,” अण्णा म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

यातलं अवाक्षरही अहवालवाल्यांना ठाऊक नव्हतं. बुधवारी अकराच्या ठोक्याला ते कोट घालून टीव्हीसमोर उभे राहिले. टीव्हीवरच कॅमेरा होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात संचालकबाई आणि सहा सदस्य दिसत होते. बाकी पडदाभर अहवालाचं पहिलं पान होतं. त्यांना फार बरं वाटलं.

“पहिली अट,” ते म्हणाले. “काय बघायचं हे ठरवणं ग्राहकाच्या हातात हवं.”

तेवढ्यात पान नाहीसं झालं आणि त्या जागी एक बाई हमसून हमसून रडायला लागली. तिच्यामागे दार आपटून कोणीतरी निघून गेलं. समितीतले दोघे चष्मा लावून पुढे सरकले.

“अण्णा, रिमोटला हात लावलात का?”

“रिमोट तुझ्या खिशात आहे.”

तो खरंच खिशातच होता. त्यांनी अहवाल परत लावला. पडद्यावर पुन्हा बाई रडायला लागली. असं तीनदा झालं.

“ही मालिका वरच्या शिवणवाल्या मावशी बघतात,” अण्णा शांतपणे म्हणाले. “अकराला न चुकता.”

“मग ती आपल्या टीव्हीवर का?”

“त्या कुटुंबात आहेत ना.”

अहवालवाल्यांना काहीच कळेना. सख्खं, चुलत, मामाकडचं, सगळं आठवून झालं, पण मावशी कुठेच बसेनात. शेवटी त्यांनी टीव्ही बंद करा म्हणून सांगायला मावशींचा नंबर फिरवला. आधी हॉलमधलाच फोन वाजला. मग भिंतीपलीकडे, मग डोक्यावर, मग जिन्याच्या दोन्ही बाजूंना, आणि बघता बघता सगळी इमारत घणघणायला लागली. सगळ्यांनी फोन उचलले आणि सगळ्यांचे आवाज थेट टीव्हीतून समितीपर्यंत पोचले.

“हॅलो, कोण?”

“तुम्ही कोण?”

“फोन मला आलाय, मी का सांगू?”

“माझा ब्लाउज झाला का हो, मावशी?”

“शांतता,” तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर गरजले. “मी हजेरी घेतो. एकेकाने उत्तर द्यायचं.”

“मास्तर, हजेरी नको, आधी फोन ठेवा,” अहवालवाले काकुळतीला येऊन म्हणाले.

मास्तरांनी तत्काळ ठेवला. पण एका कुटुंबीयाने फोन ठेवला की सगळ्या कुटुंबाचं बोलणं संपलं, असा त्या पेटीचा समज होता. टीव्ही काळा पडला, समिती गेली. दोन मिनिटांनी बाईंनी पुन्हा जोडणी केली, तेव्हा चौदाही घरांत पुन्हा घंटा झाली आणि चौदाही घरांनी पुन्हा फोन उचलला.

“कोणीही ठेवू नका आणि कोणीही बोलू नका,” अहवालवाले म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम कॉलरपर्यंत आला होता.

कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मावशींनी हलकेच विचारलं, “बोलून झालं असेल तर मालिका लावू का?”

“हे लोक कोण आहेत?” संचालकबाईंनी विचारलं.

“कुटुंबीय,” असं बोलून गेल्यावर अहवालवाल्यांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या घरची जोडणी सगळी इमारत वापरत होती. आता गोदामातही ठेवतील की नाही, याची त्यांना शंका वाटायला लागली.

“एका पेटीवर चौदा घरं?” बाई सावकाश म्हणाल्या. “आमच्या प्रयोगशाळेत पाचवं घर जोडलं की पेटी मान टाकते. तुमची कशी चालते?”

त्यांनी अहवाल चाळला. पान एक्केचाळीस, पान बासष्ट, परिशिष्ट. त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात अण्णा मागून पुढे आले.

“नुसत्या हवेवर, वायफायवर सोडलं तर बंद पडणारच, बाई. मी चार वर्षांपूर्वीच तार ओढलीय. मावशींकडे सिग्नल पोचत नव्हता, म्हणून आधी तिकडे नेली. मग मास्तर म्हणाले, आमच्याकडे पण द्या. मग काय, प्रत्येक मजल्यावर एक सांधा केला.”

“पण सगळे एकदम वापरायला लागले तर?”

“लागत नाहीत. मी प्रत्येक घरात बसून बघितलंय. मावशींना अकराला लागतं, मास्तरांना बातम्यांना, पोरांना शाळेतून आल्यावर. नळाला सगळे एका वेळी बादली लावत नाहीत, तसंच. आणि ज्याचं अडतं तो मला हाक मारतो.”

“खरंय,” चौदा घरांतून एकदम आवाज आला. न बोलायची सूचना सगळेच विसरले होते.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. “ही प्रत्येक घरात जाऊन बसायची अट तुमच्या अहवालात कितवी?”

खोटं बोलायला तेव्हा चांगली संधी होती. अहवालवाल्यांनी वडिलांकडे बघितलं. चार वर्षं हा माणूस जिने चढत होता आणि आपण त्याच घरात बसून नव्या बाजारपेठांवर लिहीत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“नाहीये, बाई,” ते म्हणाले. “माझ्या पाचच आहेत.”

पुढच्या सोमवारी कंपनीचं पत्र आलं. विभाग राहिला होता, गोदाम टळलं होतं. शहरातल्या आणखी वीस इमारती अशाच जोडायच्या होत्या आणि त्या कामावर सल्लागार म्हणून अण्णांची नेमणूक झाली होती. अहवालवाल्यांचं नाव दुसऱ्या ओळीत होतं, सल्लागारांचे सहायक म्हणून. त्यांनी ते तीनदा वाचलं. बायकोने एकदाच वाचलं आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात गेली.

“म्हणजे तू माझ्या हाताखाली?” अण्णांनी विचारलं.

“तसंच दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या इमारतीत अण्णांनी भिंतीला शिडी लावली, चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागे वळून बघितलं. चिरंजीव चौऱ्याण्णव पानं छातीशी धरून उभे होते.

“अभ्यास खाली ठेव,” अण्णा म्हणाले, “आणि दोन्ही हातांनी धर.”