कारखान्याने न दिलेला पट्टा

हॉरेस पिकरिंगने ठरवलं, दाराची कडी बदलायची नाही. ठरवलं ते एवढंच. पुढचं सगळं त्यातून झालं.

गाडी बासष्ट सालची. उघडी, हिरवी, दोन माणसांची. कारखान्यातून निघाली तशीच त्याने ती ठेवली होती. स्क्रू त्या सालचे, दिव्यांच्या काचा त्या सालच्या. टायर तेवढे नाइलाजाने नवे घातले होते, आणि त्याचं दुःख त्याला अजून होतं. यॉर्कशरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात दर उन्हाळ्यात अस्सल गाडीला चषक मिळे. हॉरेस दर वेळी दुसरा येई. पहिला येई तो गावचा दंतवैद्य. तो आपली गाडी ट्रकवर घालून आणत असे. (चालवत नसे. चालवली की झिजते.)

डाव्या दाराची कडी मात्र थकली होती. एका रविवारी टेकडीवरच्या उजव्या वळणावर दार आपोआप उघडलं. हॉरेसची बायको डोरीन काही अंतर अर्धी गाडीत आणि अर्धी यॉर्कशरमध्ये अशी गेली. सँडविचची टोपली पूर्ण यॉर्कशरमध्ये गेली.

हॉरेसने गाडी थांबवली, मागे चालत गेला आणि टोपली घेऊन आला.

"टोपलीला काही झालं नाही," तो म्हणाला.

"मला विचार ना!"

"तू तर गाडीतच होतीस."

हे बोलायला नको होतं, हे त्याला घरी गेल्यावर कळलं. चहा मिळाला, पण थंड.

"पट्टा बसव," डोरीन म्हणाली. "त्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

"कारखान्याने पट्टा दिला नव्हता."

"तुझ्या खुब्यातला पोलादी सांधा तरी कुठे कारखान्याने दिला होता? आणि वरचे दात? ते बसवून घेताना विचारलंस का, त्याच सालचे आहेत का म्हणून?"

"मी स्पर्धेत उतरत नाही."

"उतरू नकोसच."

पुढच्या रविवारी तो एकटाच निघाला. लग्नाआधीपासून डोरीन त्या डाव्या सीटवर बसत आली होती. मांडीवर नकाशा, हातात पेपरमिंटची पुडी, आणि दर मैलाला "जरा हळू". अर्ध्या वाटेत हॉरेसने सवयीने पेपरमिंटसाठी हात पुढे केला. हात रिकाम्या सीटवर पडला. तो तिथूनच परत फिरला.

पट्टा घ्यायचं ठरलं. पण नवा नाही. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याने बासष्ट सालचा पट्टा शोधून काढला. करडा, जाड, कमरेवरून जाणारा, मधोमध पोलादी बकल. आता टोकं गाडीच्या तळाला बोल्टने आवळायची, म्हणजे तळाला भोकं पाडायची. आणि तळावर होता गालिचा, कारखान्यातल्या कुणीतरी हाताने चिकटवलेला. हॉरेसने तो आजवर उचलला नव्हता. उचलला तर डिंक सुटणार, आणि तसा डिंक आता मिळत नाही.

त्याने ड्रिल उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मग पट्ट्याची दोन्ही टोकं सीटखाली खोल खुपसली, ती एका चिंधीला बांधून घट्ट कोंबली आणि हात पुसले. (स्पर्धा झाली की भोकं पाडू, असं तो मनाशी म्हणाला. माणूस मनाशी बरंच काही म्हणतो.)

"पक्का आहे ना?" स्पर्धेच्या सकाळी डोरीनने विचारलं.

"मी बसवलाय."

तिने ओढून पाहिला नाही. हॉरेस हट्टी आहे पण खोटं बोलत नाही, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. ती बसली, बकल खटकन लावलं आणि हसली.

"आता मार वेग!"

हॉरेस प्रेतयात्रेच्या चालीने निघाला. मागे एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता.

"अरे, पट्टा लावलाय मी. कशाला घाबरतोस?"

"इंजिन जपतोय," हॉरेस म्हणाला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

मैदानावर परीक्षक क्रॉली आले. त्यांच्या हातात आरसा लावलेली काठी असे. ती गाडीखाली घालून ते गाडीचं पोट तपासत.

"पट्टा घातलात, पिकरिंग?"

"त्याच सालचा आहे."

क्रॉलींनी काठी खाली घातली, हिंडवली आणि बाहेर काढली. "नवं भोक एकही नाही. शाबास! पूर्ण गुण."

दुपारी भोंग्यावरून पुकारा झाला. पहिला, हॉरेस पिकरिंग. टाळ्या पडल्या. दंतवैद्यालाही वाजवाव्या लागल्या. फोटोसाठी मिसेस पिकरिंग यांनीही यावं, असं भोंगा म्हणाला.

डोरीन सकाळपासून पट्टा लावून गाडीतच बसली होती. तिने बकल दाबलं. उघडेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. त्याची स्प्रिंगही बासष्ट सालचीच होती.

"हॉरेस, अडकलंय रे!"

"तिथेच बस!" हॉरेस चषक घेऊन ओरडला. "अजिबात उठू नकोस!"

डोरीनला आयुष्यात कुणी असं सांगितलं की ती उठत असे. तिने दोन्ही हात टेकले, दातओठ खाल्ले आणि सगळा जोर लावला. जोर वाया गेला. ती अलगद वर आली. पट्टाही आला.

ती मैदान ओलांडून आली तेव्हा कमरेला बकल तसंच होतं, मागे गवतावरून दोन शेपट्या येत होत्या, आणि एका शेपटीला चिंधी होती.

"हॉरेस, हा कशाला बांधला होता?"

"सीटखाली."

"सीटखाली कशाला?"

हॉरेसने चषकात पाहिलं. "चिंधीला," तो म्हणाला.

पहिला हसला तो दंतवैद्य. डोरीन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि मी तुला वेग मार म्हणत होते," ती हळू म्हणाली. मग कोट ओढून पट्टा झाकला आणि बसने घरी गेली.

हॉरेस चषक डाव्या सीटवर ठेवून निघाला. टेकडीवरच्या त्याच वळणावर दार उघडलं आणि चषक यॉर्कशरमध्ये गेला. खणखणत दगडांवरून खाली, पार ओढ्यापर्यंत. हॉरेस गाडी थांबवून खाली उतरला. या वेळी तो लगेच चषक आणायला गेला नाही. उघड्या दाराशी उभा राहून रिकाम्या सीटकडे आणि खालच्या दगडांकडे पाहत राहिला. मग खाली ओढ्यात जाऊन चषक घेऊन आला.

घरी डोरीन स्वयंपाकघरात उभी होती. पट्टा अजून कमरेला होता. हॉरेस तेलाची बुदली घेऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. खुबा कळवळला. त्याने बकलमध्ये तेल सोडलं, सुरीच्या टोकाने खाजवलं, शेवटी ते उघडलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"भोकं पाडतो," तो म्हणाला. "आत्ता. कडीही नवी घालतो."

"ड्रिल माझ्याकडे दे. तू पुन्हा चिंधी शोधशील."

गालिचा मात्र त्यानेच उचलला. डिंक चरचरत सुटला. खाली तळाच्या पत्र्यात, जिथे भोक पाडायचं तिथेच, एक गोल लोखंडी बूच होतं. दुसऱ्या बाजूलाही एक. हॉरेसने बूच फिरवलं. आत आटे पाडलेले होते. बोल्ट घालायचा, आवळायचा, झालं.

त्याने क्रॉलींना फोन लावला.

"अहो, ते आटे कारखान्यानेच ठेवलेत," क्रॉली म्हणाले. "ज्याला हवा त्याने पट्टा बसवावा म्हणून. तुम्ही त्यातच बसवलाय असं धरून मी पूर्ण गुण दिले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

हॉरेसने फोन ठेवला. डोरीन ते भोक वाकून पाहत होती.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "मला कधी न पाहिलेल्या माणसाला सुचलं, की या सीटवर कुणीतरी बसणार आहे."

हॉरेसने चषक क्लबाला परत केला आणि गाडीत नवाकोरा पट्टा बसवला. बोल्ट त्याने आवळले. मग डोरीनने आवळले. मग पुन्हा त्याने.

पुढच्या उन्हाळ्यात क्रॉली काठी घेऊन आले. डोरीन सीटवर पट्टा लावून पेपरमिंट चघळत होती. पट्ट्याला पूर्ण गुण मिळाले; कारखान्याच्या आट्यांत बसवलेला पट्टा नवाही चालतो, असा नियम होता. कडीचा एक गुण गेला. तो हॉरेसने धरलाच होता. मग क्रॉली वाकले आणि त्यांनी गालिचा बोटाने चाचपला.

"आणखी एक गुण जाईल, पिकरिंग. डिंक नवा आहे."

"डिंक!" हॉरेस गरजला. इतक्या जोरात गरजला की त्याचे वरचे दात सुटले आणि थेट त्या गालिच्यावर पडले.

डोरीनने पट्टा न सोडता खाली पाहिलं.

"मिस्टर क्रॉली," ती म्हणाली, "तेही धरा. तेही मूळचे नाहीत."