मोहरीचा सॉस आणि सातवा सामना

गुरुवारी दुपारी हिलक्काकाकूंनी वाटाण्याच्या सुपाचे पातेले टेबलावर ठेवले आणि सॉसची नळी पिळली. नळीतून फुस्स असा आवाज तेवढा आला. मोहरीचा सॉस काही आला नाही.

"सॉस आणायला सांगितला होता," काकू म्हणाल्या.

"विसरलो," एइनोकाका म्हणाले.

एरवी प्रकरण इथेच मिटले असते. फिनलंडच्या त्या लहानशा गावात माणसे शब्द जपून वापरतात, आणि हे जोडपे त्यातही काटकसरी. त्यांच्या माडीवर चार वर्षे राहणाऱ्या लॉर्न हुडेकने दोघांमध्ये सलग तीन वाक्ये झालेली कधी ऐकली नव्हती.

पण त्या दिवशी काकू म्हणाल्या, "तू नेहमीच विसरतोस."

"आणि तू नेहमीच लक्षात ठेवतेस," काका म्हणाले.

काकूंनी पळी आपटली, पातेले कलंडले आणि गरम सूप लॉर्नच्या डाव्या पायावर सांडले.

लॉर्न कॅनडाचा, सदतीस वर्षांचा, बर्फावरची हॉकी खेळून पोट भरणारा. सोळा वर्षांत पाच देश पालथे घालून आणि वाटेत समोरचे तीन दात गमावून तो या गावात पोचला होता. संघ तळाला होता. सातपैकी चार सामने जिंकले तर संघ लीगमध्ये टिकणार आणि लॉर्नला आणखी एक वर्ष मिळणार. नाही तर घरी परतून मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात उभे राहायचे. पहिले तीन सामने हरून झाले होते आणि चौथा त्याच संध्याकाळी होता.

त्याने काकांचा एक राखाडी लोकरी मोजा डाव्या पायात चढवला. गाडी थंडीने गारठली होती, म्हणून काकांची घसरगाडी काढली, तिच्या पुढच्या खुर्चीत बॅग ठेवली आणि मागे उभे राहून एका पायाने बर्फ रेटत तो मैदानावर गेला. तिथे त्याने दोन गोल केले आणि संघ जिंकला.

इथून पंचाईत सुरू झाली. जिंकलेल्या दिवशी जे जे घडले ते ते पुढच्या प्रत्येक सामन्याच्या दिवशी तसेच घडले पाहिजे, हा हॉकीवाल्यांचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही.

शुक्रवारी सकाळी लॉर्न स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"काकू, उद्या वाटाण्याचं सूप कराल?"

"उद्या शनिवार आहे. वाटाण्याचं सूप गुरुवारी असतं."

"माहितीये. आणि सॉस नको. आणि..." तो घुटमळला. "भांडण हवं होतं."

काकांनी वर्तमानपत्र खाली केले. "कोणाशी?"

"तुमचं काकूंशी. कालचंच."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "संघ खाली जाता कामा नये," ते म्हणाले. काकूंनी वाटाणे भिजत घातले.

शनिवारचे भांडण फार काही जमले नाही. काकांनी "विसरलो" हा शब्द रेडिओवर हवामान सांगावे तसा उच्चारला. काकूंनी मोजून दोन चमचे सूप लॉर्नच्या मोज्यावर ओतले, तेही निववून.

"त्या दिवशी पोळलं होतं," लॉर्न ओशाळून म्हणाला.

"मग थांब जरा," म्हणून काकूंनी सूप पुन्हा गरम केले. संघ जिंकला.

सोमवारी मात्र ठरलेली वाक्ये संपली तरी काकू थांबल्या नाहीत.

"तू बोटीच्या वेळीसुद्धा विसरला होतास."

"कुठली बोट?"

"सत्त्याऐंशी सालची. मला बेटावर ठेवून घरी आलास."

"दोन तासांत परत आलो होतो की."

"मासे उतरवून आलास. आधी मासे."

सूप त्या दिवशी आपोआप सांडले. संघ पुन्हा जिंकला. तीन-तीन.

बुधवारी सातव्या सामन्याच्या दिवशी लॉर्न खाली आला तेव्हा सूप झाकून ठेवले होते आणि काका एकटेच बसले होते.

"काकू कुठायत?"

"बहिणीकडे. चार घरं सोडून."

लॉर्न घसरगाडीवरून तिकडे पोचला. "काकू, चला ना. उशीर होतोय. भांडायचंय."

"मी नाही त्याच्याशी भांडणार," काकू म्हणाल्या. "मी त्याच्यावर रागावलेय."

लॉर्न पायरीवर बसला. त्याला टायरच्या रबराचा वास येऊ लागला. तेवढ्यात काका चालत आले. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात नवी कोरी नळी.

"सॉस आणलाय," काका म्हणाले. मग टोपी चुरगाळत, "मासे नंतरही उतरवता आले असते."

काकूंनी कोट घातला.

घरी तिघांनी सॉस लावून सूप घेतले. भांडण नाही, सांडणे नाही.

"काका," लॉर्न हळूच म्हणाला, "आज सॉस नको होता हो."

"माहितीये. पण ती बहिणीकडे राहिली असती."

त्या संध्याकाळी आपण हरणार हे धरूनच लॉर्न मैदानात उतरला. शेवटची दोन मिनिटे उरली तरी कोणाचाच गोल झाला नव्हता. आठवडाभर न धुतलेला आणि आज ओलाच न झालेला मोजा पापडासारखा कडक होऊन बोचत होता. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलापुढे पाय चाचपायला तो वाकला, आणि मागून त्याच्याच संघातल्या कोणीतरी मारलेली चकती त्याच्या पाठीवर आदळून जाळ्यात गेली. एक-शून्य.

गुरुवारी सकाळी लॉर्नने पुढच्या वर्षाच्या करारावर सही केली. दुपारी टेबलावर सूप होते, मध्यभागी सॉसची नळी.

"संपलं एकदाचं," लॉर्न म्हणाला. "आता भांडायची गरज नाही. फार त्रास दिला तुम्हाला."

"हं," काका म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या.

मग भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत राहिले. अर्धे सूप झाल्यावर काकू उठल्या, सॉसची नळी कपाटात ठेवली, कपाट लावले आणि परत येऊन बसल्या.

"एइनो," त्या म्हणाल्या, "सॉस आणायला सांगितला होता."

काकांनी चमचा खाली ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली.

"विसरलो."

लॉर्नने मुकाट्याने डावा पाय पुढे केला.