हुंकाराचा मान

समाज कसा चालतो हे कळावे म्हणून सरकारने जनगणना ठेवली आहे. आमच्या युसूफ वडगावात त्याच कामासाठी श्रावणी सोमवारची कहाणी आहे. ती स्वस्त पडते आणि काही लपवत नाही. गावात पाटील मोठा असतो आणि धाकटी सून शेवटी जेवते, हे मला शाळेत जाण्याआधीच पाठ होते.

कहाणीला हुंकार लागतो. सांगणारीने वाक्य टाकायचे, ऐकणारीने "हं" म्हणायचे. "हं" थांबले की कहाणी थांबली. हा मान एकीचाच, आणि उपास सोडताना ती पहिल्या पंगतीला. आमच्या गल्लीत तो पाटलीण वनमालाबाईंकडे आहे, कारण जमीन त्यांच्याकडे आहे. (जमिनीचा आणि "हं"चा काय संबंध, असे कोणी विचारले नाही. विचारणाऱ्यांकडे जमीन नव्हती.)

सांगणारी मी. यंदा वनमालाबाईंचे चिरंजीव विजयसिंह म्हणाले, कहाणी मोबाइलवर घेऊ आणि निवडणुकीआधी गावभर पाठवू. गावभर जाणार म्हटल्यावर ती आधी तपासून घेणे आलेच. त्यांच्याच ओसरीवर सुनावणी बसली.

मूळ कहाणी अशी. पाटील लोभी होता, वाणी मापात मारी, सासू धाकटीला भांड्याची खरवड वाढी. महादेव म्हातारा होऊन दारी आला. धाकटीने आपली खरवड त्याला दिली. भांडे सोन्याचे झाले, आणि सासूने तिला शेजारी जेवायला बसवले.

"पाटील लोभी काहून?" विजयसिंह म्हणाले. "लोकं माझ्याकडंच बघतेत की."

पाटील दानशूर झाला.

"काकू, वाणी मापात मारतो म्हनं!" किराणा दुकानवाले धोंडप्पा कळवळले. "माझा काटा शिक्क्याचा हाय."

वाणी किलोमागे मूठभर जास्त घालू लागला.

वनमालाबाईंनी माझ्याकडे नुसते बघितले. सासू मायाळू झाली.

इतकी सज्जन माणसे घरीदारी असताना धाकटी उपाशी कशी, हा प्रश्न मात्र उरला. बराच खल झाल्यावर धोंडप्पांना सुचले: तिला भूकच लागत नसे. ठराव सर्वानुमते मंजूर. (सर्व म्हणजे ओसरीवरचे. सुना आत पुरण वाटत होत्या.)

त्या सुनांत वनमालाबाईंची धाकटी, रोहिणी. सकाळीच माझ्या कानाशी लागली होती, "काकू, सोनं नगं मला. एकदा तव्यावरची गरम पोळी ताटात पडू द्या. सहा वर्सं झाली, गारच खाते."

संध्याकाळी मोबाइल सुरू झाला. मी तपासलेली कहाणी सांगत गेले. "धाकटीला भूकच लागत नसे," म्हणाले आणि थांबले. वनमालाबाई मोबाइलकडे बघून पदर सारखा करत होत्या. हुंकार येईना.

"हं!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. पिठाच्या हातांनी रोहिणी उभी. "खरं हाय, काकू. लागलीच तर सासूला इचारून लागायची."

ओसरी हसली. मोबाइलने सगळे घेतले.

आता पेच पडला. हुंकार देईल ती पहिल्या पंगतीला, ही रीत; आणि वनमालाबाई रीतीच्या पक्क्या. "बस गं," त्या म्हणाल्या. रोहिणी बसली. गरम पोळी ताटात पडली, तूप वितळले. पोरीने डोळे मिटून घास घेतला. महादेवाचे दर्शन याहून वेगळे नसावे.

तव्यापुढे तिच्या जागी थोरली सून अंजना बसली. त्या दिवशी शेवटी तीच जेवली, गार. कहाणीत धाकटीऐवजी थोरली घालावी का, हे विचाराधीन आहे. शेवटचे ताट काढून टाकावे, अशी सूचना अद्याप कोणाकडून आलेली नाही.

तुम्ही इथवर मनात "हं, हं" करत आलात. रीतीप्रमाणे तुम्ही पहिल्या पंगतीचे. पोटभर जेवा. फक्त हात धुवायला उठाल तेव्हा जरा आत डोकावून या. तुमच्या पोळ्या कोण लाटतेय?