सांगू तसं वागणारं स्थळ

संगणकाचं काहीही असो, आपण हात लावला की ते सुतासारखं सरळ होतं, असं शिवकन्येचं स्वतःविषयी ठाम मत होतं. मताला आधारही होता. ती औरंगाबादच्या कॉलेजातून बी. सी. एस. झालेली होती आणि लग्न होऊन जालन्यात येईपर्यंत तिने एका कंपनीत नोकरीही केली होती. पुढे बाळ झालं आणि पदवी कपाटात साड्यांच्या खाली गेली. तेव्हापासून सकाळी पर्स लटकवून रिक्षाकडे धावणारी एखादी बाई गल्लीत दिसली, की शिवकन्या भाताचा घास हातात धरून खिडकीशी तशीच उभी राहायची. शेवटी बाळालाच ओरडून घास मागून घ्यावा लागायचा!

अशात तातेरावांचा फोन आला. गावात त्यांची जाहिरात एजन्सी होती. भिंती रंगवणं, रिक्षावर भोंगा लावून फिरवणं आणि बियाण्यांच्या दुकानांची कॅलेंडरं छापणं, यावर ती आजवर झकास चालली होती. पण आता गिऱ्हाईकं वेबसाईट मागू लागली होती. इंटरनेटवर तयार साचे मिळतात, त्यांतला एक निवडायचा आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाईटी त्यावरच उभ्या करायच्या, असा बेत होता. याला प्लॅटफॉर्म म्हणतात, असं शिवकन्येने सांगताच तातेराव दचकले. प्लॅटफॉर्म म्हटलं तर गिऱ्हाईक थेट स्टेशनावर जाऊन उभं राहील, म्हणाले. पेपरात संकेतस्थळ असा शब्द येतो, तो बरा. आणि बोलताना सुटसुटीत म्हणून नुसतं स्थळ!

तर शिवकन्येने घरच्या संगणकावर तीन स्थळं तपासून एक निवडायचं. पहिल्या गिऱ्हाइकाला ते पटलं, तर ऑफिसात तिचं टेबल पक्कं. नाही पटलं, तर तातेरावांकडे दुसरी पोरं रांगेत होतीच. नवऱ्याची हरकत नव्हती. दुपारी बाळाला सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी सांभाळायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायचा धीर शिवकन्येला अजून झाला नव्हता.

आठवडाभर बाळाला मांडीवर आणि माउस हातात घेऊन तिने तिन्ही स्थळं पालथी घातली. मग तातेरावांना फोन लावला. आत्याबाई शेजारी बसून तूर निवडत होत्या.

"तीन स्थळं पाहिली," शिवकन्या म्हणाली. "पहिलं फुकटात येतंय, पण सोबत दुसऱ्याचं बरंच काही गळ्यात पडतं. दुसरं देखणं आहे हो, पण वागायला फार जड. तिसरं दिसायला साधं, पण सांगू तसं वागतं. मला तिसरंच पसंत आहे."

आत्याबाईंचा हात तुरीतच थांबला.

त्याला कारण होतं. घरात धाकटा दीर बद्रीनाथ होता, तिशी ओलांडलेला. कापसाच्या जिनिंगमध्ये बरी नोकरी, निर्व्यसनी, पण आलेल्या प्रत्येक मुलीकडच्यांना पुण्याचा जावई हवा होता. गेल्या वर्षापासून आत्याबाईंनी त्याच्या लग्नाचं नाव काढणं सोडलं होतं. फक्त कुणाच्या दारात मांडव दिसला की त्या रस्ता बदलायच्या.

आणि इकडे सून कुणाला न सांगता एक सोडून तीन स्थळं बघून आली होती! वर फोनवर म्हणत होती, "काकासाहेबांना रविवारी घरीच पाठवा. निवांत स्थळ बघतील."

काकासाहेब म्हणजे पहिलं गिऱ्हाईक. कुंभार पिंपळगावात त्यांचं बियाण्यांचं मोठं दुकान होतं. एजन्सीची इंटरनेटची लाइन रस्ता खोदणाऱ्यांनी तोडली होती, म्हणून त्यांनी शिवकन्येच्या घरी येऊन बघायचं ठरलं.

रविवारी घरात नवे पडदे दिसले. पोह्यांवर खोबरं दिसलं. शिवकन्येला वाटलं, आत्याबाईंना आपल्या कामाचं कौतुक आहे. तिला भरूनच आलं. बद्रीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून का बसलाय, हे विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात बाळ रडलं. ती त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली, काकासाहेब दारात आले, आणि लाइट गेली.

लाइट नाही म्हणजे संगणक नाही. बाळ कुशीत, पदर मुठीत धरून नुकतंच झोपलेलं. उठावं तर ते किंचाळणार. शिवकन्या पडद्याआडून ऐकत पडून राहिली.

"स्थळ टिकाऊ हाय ना?" काकासाहेबांनी विचारलं. "मधीच बंद पडायचं."

"साधा ताप आला न्हाई आजपर्यंत," आत्याबाई म्हणाल्या.

"आन रात्रीचं कसं?"

आत्याबाई जरा घुटमळल्या. "खोटं कशाला बोलू, लेकरू थोडं घोरतंय."

"घोरू द्या. आमच्या पोराचा कंप्युटर बी रात्रभर घुर्र करून राह्यतो."

आत शिवकन्येने कान टवकारले. लेकरू? तिने पदर सोडवायला घेतला. एक बोट सुटलं, तर बाळाने दुसऱ्या हाताने धरलं.

बाहेर काकासाहेब पोहे खात मोकळे होत चालले होते. अंबडचा एक जण मागे लागलाय, म्हणाले. "तो म्हणतो, महिनाभर फुकट वापरून बघा. मंग न्हाई पटलं तर परत करा."

मग आत्याबाईंचा आवाज आला, फार हळू.

"काकासाहेब, पोहे खाऊन घ्या आणि निघा. माझं पोरगं वापरून बघायचं न्हाई."

टेबल गेलं! शिवकन्या बाळासकट बाहेर धावली. बाळाने भोंगा लावला, त्याच्यावर आवाज चढवून तिने सगळं सांगितलं: हे मुलीचे वडील नाहीत, बियाण्यांच्या वेबसाईटसाठी आलेत, स्थळ म्हणजे ते कोपऱ्यातलं. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे पाहिलं. बद्रीनाथने मात्र खाली पाहिलं आणि शर्टाची वरची गुंडी काढली.

काकासाहेब हसतील, असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. ताटली खाली ठेवून म्हणाले, "मुलगी असती तर आत्ता सुपारी फोडली असती, बाई. पण मला दोन्ही पोरंच. थोरला ह्याच्याच वयाचा हाय. आमच्याकडं बी कुणी येईना."

मग ते आणि आत्याबाई बराच वेळ आपापल्या मुलांचे गुण सांगत बसले.

लाइट आली. शिवकन्येने तिसरं स्थळ उघडलं. काकासाहेबांनी रंग पाहिला नाही की अक्षरं पाहिली नाहीत. एवढंच विचारलं, की कपाशी, तूर, मका यांच्या मागं अजून एक पान लावता येतं का? पोराचं. तिने तिथल्या तिथे लावून दाखवलं.

"हेच करा," ते म्हणाले. "आन तुमच्या दिराचं बी लावा शेजारी. एकट्याला बरं न्हाई वाटत."

अशी निवड झाली. शिवकन्येला टेबल मिळालं. आत्याबाई आपण होऊन म्हणाल्या, जा तू, मी बघते बाळाकडं. पण फोन आला की लगेच कळव. गावभर बोलबाला होऊन फोन खूप आले. पण सगळे मुलांच्या आयांचे: आमचाही एक आहे, तुमच्या स्थळावर जागा होईल का?

बद्रीनाथच्या पानाच्या तळाशी ते किती वेळा उघडलं गेलं, त्याचा आकडा दिसायचा. बद्रीनाथ रोज कामावरून आला की हातपाय धुवून आधी संगणक लावायचा. आकडा रोज एकाने वाढलेला असायचा. तो एक कोण, हे शिवकन्येला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सांगायचं कसं? संगणकाचं काहीही सरळ करणाऱ्या बाईला एवढं एक जमेना. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ऑफिसातून एकदा ते पान उघडू लागली.

"वहिनी," बद्रीनाथ संध्याकाळी सांगायचा, "आज दोघांनी पाहिलं."