माफी मागणारी किटली आणि उबुकाता सानांची मान

धंद्यात ओळख आधी येते आणि भांडवल तिच्या मागून, सावकाश. जपानात, नागोयातली आमची गुंतवणूक संस्था याच तत्त्वावर उभी आहे. तिने आजवर एकही निर्णय घाईने घेतलेला नाही (सावकाश घेतलेलेही फार नाहीत).

आमच्याकडे बैठकीत काही ठरत नाही. ठरायचं ते आधीच, एकेकाच्या टेबलाशी जाऊन, चहा पिऊन, घरच्यांची विचारपूस करून ठरलेलं असतं. ते ठरलं आहे हे सगळ्यांनी मिळून गप्प बसून पाहायचं, एवढ्यासाठी बैठक. भर बैठकीत प्रश्न विचारणारे शेवटचे गृहस्थ सध्या आमच्या होक्काइदो शाखेत असतात. (होक्काइदोत आमची शाखा नाही.)

कुरामोची सानांचा (सान म्हणजे आपलं ‘राव’) छोटा कारखाना बंद पडायच्या बेतात होता, तेव्हा त्यांनी माफी मागणारी किटली काढली. पाणी उकळायला वेळ लागल्याबद्दल ती ग्राहकाची क्षमा मागते. क्षमायाचना इतकी रीतसर, की ती संपेस्तोवर पाणी गार होतं. मग त्याबद्दल दुसरी.

लाल चवळीच्या गोड वड्यांचे पुडे घेऊन ते भांडवलासाठी आमच्या प्रत्येक विभागप्रमुखाला भेटले. प्रत्येक जण म्हणाला, “सकारात्मक विचार करू.” याचा अर्थ नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुरामोची सान जिन्यातच बसले. प्रकरण माझ्याकडे होतं आणि मला खरंच वाईट वाटलं.

“हमासाकी सान, एकदाचं सरळ नाही म्हणून टाका ना!” ते मला म्हणाले.

“भलतंच काय! एवढी आपली ओळख, तुम्हाला नाही कसं म्हणणार?”

विषय बैठकीत आलाच, किटलीसकट. तो वगळायचा, तर त्यासाठीही सगळ्यांच्या टेबलाशी जावं लागलं असतं.

ज्येष्ठ सल्लागार उबुकाता सान नेहमीप्रमाणे झोपले होते. बैठकीतली झोप हे आमच्याकडे अतिश्रमाचं लक्षण मानतात, आणि त्यांच्याइतका कष्टाळू माणूस संस्थेत दुसरा नाही. किटलीने क्षमायाचना सुरू केली आणि त्यांची मान छातीवर आपटली. मग पुन्हा आपटली.

“पसंत पडलेली दिसते यांना,” वित्तप्रमुख कुजबुजले.

“अहो, घोरतायत ते!” मी म्हणालो.

“हळू! उठतील ना!”

त्यांना उठवणं उद्धटपणाचं, आणि विचारणं तर त्याहून. विरोध करता आला असता, पण विरोधाची पूर्वतयारी कुणीच केली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. कुरामोची सान हुंदके देऊन रडले. किटलीने त्याबद्दलही माफी मागितली.

आम्ही पैसे घातले म्हणून आमच्या स्नेही बँकेने घातले. बँकेने घातले म्हणून विमा कंपनीने. “तुमचा अभ्यास दांडगा!” असं जो तो म्हणू लागला. आम्ही विनयाने नाकारलं, तसा विश्वास आणखी वाढला. आमच्या पाहणीनुसार अठ्ठ्याण्णव टक्के गुंतवणूकदारांनी किटली पाहिलेलीच नाही, आणि उरलेले दोन टक्के गार चहा पितात.

अखेर एका वार्ताहराने उबुकाता सानांना गाठलं. “तुम्हाला त्यात नेमकं काय दिसलं?”

“कशात?” ते म्हणाले.

या उत्तराची खोली तज्ज्ञ अजून मोजत आहेत.

वाचक हसत असतील. जरूर हसा. हसून झालं की मागच्या वर्षी घेतलेले ते शेअर आठवा. ते अभ्यास करून घेतलेत, की साडूने घेतले म्हणून? आणि साडूने कुणाचं पाहून? आमचे उबुकाता सान निदान झोपले होते. तुम्ही तर जागे होतात.